दर्शनी खिडकीतला नाताळ

१ डिसेंबर, सकाळी सात

यंदाचा नाताळ अर्थपूर्ण करायचा. ठरलं. दिवस वाईट आहेत म्हणून सणही वाईट जावा असा कुठे नियम आहे? उलट खिसा रिकामा असला की सणाचा खरा अर्थ कळतो म्हणतात. माझा तीन महिने रिकामा आहे, तेव्हा अर्थ कळायला भरपूर वेळ मिळालाय.

पुढेमागे ही वही चाळली तर आठवावं म्हणून लिहून ठेवतो: बावीस वर्षं मी शहरातल्या सगळ्यात मोठ्या दुकानाच्या शोकेस सजवल्या. सप्टेंबरात दुकानाला टाळं लागलं. मालक म्हणाला, शेवटच्या दोन पगारांऐवजी डिस्प्लेचं सामान घेऊन जा. घेतलं. गिफ्टचे एकतीस खोके, सॅटिनच्या रिबिनींसकट. तीन मजली केक, प्लास्टरचा, पण खाली मोटर आहे, फिरतो. भाजलेली कोंबडी, रबरी. फोकस लाइट पाच. दोन हातगाड्या भरल्या. बायकोने दार उघडलं, सगळ्यावरून नजर फिरवली आणि विचारलं, ह्यातलं शिजतं काय काय?

विनोदबुद्धी चांगली आहे तिची.

संकल्प: रोज सहाला उठणे. चिडायचं नाही. मुलीला सणाचा अर्थ समजावून सांगणे.

३ डिसेंबर

उठायला साडेआठ झाले. थंडी फार. थंडीत शरीराला जास्त झोप लागते, हे शास्त्र आहे.

बायको लाँड्रीत इस्त्रीला जाते, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. आल्यावर तिने बातमी दिली. आमच्या दुकानातली कॅशियर आता नदीकाठच्या गोदामात सुपरवायझर झाली आहे. (जन्मभर गिऱ्हाइकांना सुट्टे द्या, सुट्टे द्या करत बसली, म्हणून आम्ही तिला सुट्टेबाई म्हणायचो.) तिथे पॅकिंगला माणसं हवीत. सुट्टेबाईने आपण होऊन माझं नाव काढलं. पंधरा तारखेच्या आत येऊन भेटा म्हणाली.

बघतो, म्हणालो.

बायको म्हणाली, बघतो म्हणजे जातो का?

बघतो म्हणजे बघतो. मी कलावंत आहे. खोक्यात बशा भरणं हे काही माझं काम नव्हे. पण हे तिच्याशी बोललो नाही. चिडायचं नाही असं ठरलंय.

मुलगी खोकते आहे. नऊ वर्षांची झाली, दर हिवाळ्यात खोकते. रॉकेलचा हीटर संध्याकाळी फक्त एक तास लावतो. उरलेल्या वेळी माझा स्वेटर तिच्या अंगात. गुडघ्यापर्यंत येतो. मी दोन शर्ट घालतो, मला ऊब पुरते.

५ डिसेंबर

घरात माझ्या पाठीमागे कारस्थान. बायकोने चर्चच्या मदत समितीकडे आमचं नाव दिलंय. यादीत नाव लागलं तर रॉकेलचे दोन डबे आणि मुलीला लोकरी कोट.

मी स्पष्ट सांगितलं, आपण हात पसरणाऱ्यांतले नाही. आपल्याला मान आहे.

ती म्हणाली, तुमचा मान पोरीच्या अंगावर पांघरता येतो का?

ह्याला उत्तर होतं माझ्याकडे. त्या वेळी सुचलं नाही. अजून सुचायचंय.

समितीची माणसं एकवीस तारखेला घरोघर फिरून बघणार, खरी गरज कुणाला आहे ते. म्हणजे पाहुणे येणार. म्हणजे घर नीट दिसायला हवं. एकाच दगडात दोन पक्षी. उद्यापासून कामाला लागतो.

८ डिसेंबर

आज लागलो. दोन दिवस डोक्यात आराखडा पिकत होता, त्याला कोणी रिकामपण म्हणत असेल तर म्हणो.

आमची खोली पहिल्या मजल्यावर, खाली न्हाव्याचं दुकान, समोर बसस्टॉप. खोलीला एकच खिडकी, पण काय खिडकी! भिंतभर काच. अशी जागा मिळावी म्हणून डिस्प्लेवाले नवस बोलतात. इतकी वर्षं आम्ही तिच्यावर टॉवेल वाळत घातले.

मागे पुठ्ठ्याची पाठभिंत उभारली, निळी. तिच्यापुढे खोक्यांची उतरंड. बायको संध्याकाळी आली आणि दारातच थांबली. म्हणाली, ऊन कुठे गेलं?

अकरा ते दोन खिडकीतून ऊन येतं, हे खरं. मुलगी शाळेला दांडी मारते तेव्हा तिथेच खुर्ची ओढून बसते. पण पाठभिंतीशिवाय डिस्प्लेला खोली येत नाही. ऊन काय, जानेवारीतही येतं.

१० डिसेंबर

बर्फ कमी पडला. खऱ्या बर्फाची रस्त्यावर रेलचेल आहे, पण तो कामाचा नाही, वितळतो. डिस्प्लेला कापूस लागतो. माझ्याकडचा कापूस फक्त एका कोपऱ्याला पुरला. अर्धवट बर्फ म्हणजे टक्कल पडल्यासारखं दिसतं.

बराच विचार केला. ट्रंकेत एक जादा रजई आहे, पाहुण्यांसाठी. पाहुणे कुठे येतायत ह्या दिवसांत? शिवण उसवली. उत्तम कापूस निघाला. आता बर्फ असा पडलाय की बघून हुडहुडी भरावी.

बायकोला अजून कळलेलं नाही. योग्य वेळी सांगणे.

११ डिसेंबर

कळलं. ती रजई पाहुण्यांची नव्हती म्हणे. थंडी वाढली की मुलीच्या अंगावर दुसरी म्हणून ठेवली होती.

ट्रंकेवर तसं लिहायला हवं होतं.

१२ डिसेंबर

मुलीला सणाचा अर्थ समजावून सांगितला. (१ तारखेचा संकल्प. पूर्ण.)

तिने विचारलं, बाबा, खोक्यांत काय आहे?

मी म्हणालो, काही नाही. डिस्प्लेच्या खोक्यात कधीच काही नसतं, नाहीतर वजनाने उतरंड ढासळते. झाकली मूठ सव्वा लाखाची. बघणारा मनाने आत काय हवं ते घालतो. ही खरी देणगी.

तिने विचारलं, मग माझा खोका कुठला?

मी म्हणालो, सगळेच तुझे. एकतीस. कोणत्या मुलीला एकतीस मिळतात?

ती उठून खोक्यांकडे बघून आली. लवकर समजतं तिला. मग म्हणाली, पण बाबा, आपल्याला इथून नुसती मागची बाजू दिसते. पुठ्ठा आणि चिकटपट्टी.

अर्थात! दर्शनी बाजू रस्त्याकडेच असते. बघणारा कुठे उभा आहे, हे आमच्या धंद्यातलं पहिलं सूत्र. तिला म्हणालो, खाली जाऊन बसस्टॉपवरून बघ. पण बाहेर फार गार होतं, बायकोने जाऊ दिलं नाही. शिक्षणात असे अडथळे येतातच.

१४ डिसेंबर

गेलो गोदामात. कुणी म्हणू नये गेलो नाही.

सुट्टेबाईने टेबलावर काचेचे सहा पेले, एक खोका आणि कागदाची रद्दी मांडली. पॅक करून दाखवा म्हणाली, फॉर्मॅलिटी आहे. मला पॅकिंग दाखवायला सांगते! हसू आलं. मन लावून काम केलं. कडा अशा दुमडल्या की नख जाणार नाही. वरून सुतळीचीच, पण पाच पाकळ्यांची गाठ मारली. शेजारच्या टेबलावरची माणसं काम टाकून बघायला आली. एक बाई तर आपल्या मैत्रिणीला हाक मारून घेऊन आली.

सुट्टेबाईने खोका उचलला. मग हलवून बघितला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. पेले टेबलावरच होते.

बावीस वर्षांत मी एकदाही खोक्यात काही घातलेलं नाही. हाताला सवयच नाही. ह्यात हसण्यासारखं काय आहे? सगळे हसले. सुट्टेबाई नाही हसली. म्हणाली, होतं असं, घाबरू नका, उद्या सकाळी सहाला परत या, मी सांभाळून घेते.

बायकोला सांगितलं, टेस्ट जोरात झाली, बघायला गर्दी जमली होती. ह्यात एक अक्षर खोटं नाही.

१५ डिसेंबर

पाच वाजता जाग आली होती. पण आज लायटिंगचा दिवस. फोकस लावायला सकाळचा अंधार लागतो. दोन्ही गोष्टी एका वेळी कशा होणार? उद्या जाईन. सुट्टेबाई आपल्याच माणसांतली आहे.

संध्याकाळी बटण दाबलं. पाच फोकस, मधोमध फिरता केक, बाजूला तुकतुकीत कोंबडी, एकतीस खोके, रजईचा बर्फ. बसस्टॉपवरची माणसं वर बघत राहिली आणि एकाची बस चुकली. खालचा न्हावी अर्धी दाढी टाकून रस्त्यावर आला. वर बघून ओरडला, तुमच्या घरी लॉटरी लागली का काय?

तीन महिन्यांत पहिल्यांदा जेवण गोड लागलं. बटाट्याचं पातळ सूप होतं, रोजचंच.

१८ डिसेंबर

गोदामातल्या जागा भरल्या. सुट्टेबाईने निरोप धाडला, दोन दिवस वाट बघितली म्हणे.

जे होतं ते बऱ्यासाठी.  बायकोने लाँड्रीत रविवारची पाळीपण मागून घेतली आहे. कष्टाळू आहे. मी तिचं कौतुक करायला हवं, असं बरेचदा मनात येतं.

१९ डिसेंबर

डॉक्टर येऊन गेले. छातीत कफ आहे. औषधापेक्षा खोली गरम ठेवा आणि उन्हात बसवा म्हणाले. बायकोने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, तो पुठ्ठा काढा.

काढतो म्हणालो. पंचवीस तारीख झाली की काढतो. चार-सहा दिवसांचा प्रश्न. आता अर्ध्यात काढलं तर आतापर्यंतचं सगळं पाण्यात. मुलीची खाट खोक्यांच्या मागे सरकवली, फोकसची धग लागते तिथे. खरंच लागते, मी हात धरून बघितला. मध्येच ती झोपेत खोकायला लागली की उतरंडीतला वरचा खोका हलतो. त्याला चिकटपट्टी लावली.

मग तिच्याजवळ बसलो. तिचे पाय माझ्या काखेत धरले. खूप गार होते. डिस्प्लेबद्दल काही बोललो नाही.

२१ डिसेंबर, संध्याकाळी

मोठा दिवस.

बायकोने कामाला जाताना तीनदा बजावलं. समितीची माणसं आली की खिडकीचे दिवे बंद ठेवा. त्यांना वर बोलवा. हीटरची रिकामी टाकी दाखवा. पोरीला दाखवा. गप्पा मारू नका. सगळं कबूल केलं.

चारच्या सुमाराला न्हाव्याने खालून हाक दिली, आले बरं का! पुठ्ठ्याच्या फटीतून पाहिलं. बसस्टॉपपाशी दोन बाया आणि रजिस्टर धरलेला एक गृहस्थ. मी दिवे बंद करायला उठलो. खरंच उठलो, ही माझी स्वतःची वही आहे, इथे खोटं कशाला लिहू? बटणावर हात ठेवला होता. तेवढ्यात त्यातल्या एका बाईने वर बोट दाखवलं. तिघंही वर बघायला लागले. त्या बाईचं तोंड चक्क उघडं पडलं.

अशा वेळी दिवे घालवणारा डिस्प्लेवाला अजून जन्माला यायचाय. मी केकची मोटर चालू केली.

बराच वेळ बघत होते. गृहस्थांनी रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं. बाई हसल्या, मान हलवली आणि तिघं पुढच्या घराकडे गेले. वर आले नाहीत. म्हणजे एका नजरेत समाधान झालं. आपणहून खाली धावत जाऊन आम्हाला द्या हो म्हणणं मलाही बरं वाटलं नसतं.

बायकोला सांगितलं, आले, बघितलं, लिहून घेतलं, खूश होते. तिने डोळे मिटले आणि देवाचे आभार मानले. मग माझ्या हातावर हात ठेवला. बऱ्याच दिवसांनी ठेवला.

२२ डिसेंबर

चर्चच्या दारावर यादी लागली. बायको कामावर जाताना बघून आली. जाताना बघितलं आणि उलट्या पावली घरी आली. लाँड्रीत आयुष्यात पहिल्यांदा उशीर झाला तिला.

आमच्या नावावर काट आहे. पुढे शेरा: घरात भरपूर आहे.

न्हाव्याचं नाव लागलं. पलीकडच्या शिलाईवाल्या म्हातारीचं लागलं. बायकोने मला विचारलं, ते आले तेव्हा दिवे चालू होते का?

मी म्हणालो, मला आठवत नाही.

ती बडबडली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली, बडा घर पोकळ वासा. आणि कामावर गेली.

मी दिवसभर विचार केला. चूक समितीची आहे. डिस्प्ले बघून माल आहे असं समजणं म्हणजे गावंढळपणा. दुकानातही काही गिऱ्हाइकं अशी यायची. पण तेव्हा आत माल असायचा.

२३ डिसेंबर

सात खोके छातीशी धरून चर्चच्या हॉलमध्ये गेलो. वाटप चालू होतं, रांग दारापर्यंत. रांगेत न्हावी होता, त्याने मला आपल्या पुढे घेतलं.

टेबलाशी तीच बोटवाली बाई. मी काही न बोलता पहिला खोका पुढे ठेवला. गाठ सुटेना. ती सुटण्यासाठी बांधलेलीच नव्हती. त्यांच्याकडची कात्री मागितली, रिबीन कापली, झाकण काढलं. दुसरा कापला. तिसरा. बाई म्हणाल्या, अहो, पुरे. मी म्हणालो, नाही, तुम्ही भरपूर लिहिलंय ना, भरपूर बघून घ्या. चौथा. मागे रांगेत कोणीतरी हसलं आणि मग हसायचं थांबलं. सातव्यापर्यंत गेलो. माझा आवाज फाटला होता. म्हणालो, केक प्लास्टरचा आहे. कोंबडी रबराची आहे. बर्फ माझ्या मुलीची रजई आहे.

बाईंचे डोळे भरले. भल्या बाई आहेत. रॉकेल संपलं होतं, कोट कालच गेले. दोन जानेवारीला या, पहिलं नाव तुमचं, म्हणाल्या. मग रिकाम्या खोक्याची कड बोटाने चाचपून म्हणाल्या, तुमच्या हातात कला आहे पण. पुढच्या नाताळला आमचा हॉल सजवून द्याल का? मानधन नाही देता येणार.

मी हो म्हणालो. लगेच. पडद्यांचा रंग कोणता तेही विचारलं.

निम्म्या रस्त्यात आल्यावर लक्षात आलं, एखादी जुनी शाल तरी मागायला हवी होती.

२४ डिसेंबर

बायको मुलीला घेऊन तिच्या बहिणीकडे गेली. साडू प्लंबर आहे. त्याला कलेतलं ओ की ठो कळत नाही, आणि हे मी त्याला तोंडावरही सांगितलेलं आहे. पण त्याच्या घरात गरम पाण्याचे पाइप भिंतीभिंतीतून फिरतात. स्वतःच टाकलेत.

भांडण झालं नाही. ती म्हणाली, पोर बरी होईपर्यंत. मी म्हणालो, दोन-तीन दिवस तर.  तिने मुलीचे सगळे गरम कपडे घेतले, साहजिक आहे. उन्हाळ्याचे फ्रॉकही घेतले. शाळेचं दप्तर घेतलं. सुट्टी चालू असताना दप्तर कशाला? विचारणार होतो. मग नाही विचारलं.

मुलीने माझा स्वेटर काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, बाबा, आता तुम्हाला लागेल.

ती गेल्यावर डिस्प्ले उतरवला. एकट्यानेच. दीड तास लागला. पाठभिंत काढली, तोवर अकरा वाजत आले होते आणि ऊन थेट तिच्या खुर्चीवर पडलं. दोन वाजेपर्यंत तिथेच होतं. मी खुर्चीवर बसलो नाही.

मी मूर्ख आहे. हे वाक्य लिहून बघितलं. खोडावंसं वाटत नाही.

२५ डिसेंबर, रात्री नऊ

दुपारी बाहेर पडलो. पाय मोकळे करायला. पाय साडूच्या घराकडे गेले. चार मैल आहे.

त्यांची खोली तळमजल्यावर, रस्त्याला लागून. पडदाही ओढलेला नव्हता. आत सजावट म्हणाल तर शून्य. एक टेबल, त्यावर पाव, एक पातेलं, वेगवेगळ्या घाटाच्या चार बशा. मुलगी नुसत्या फ्रॉकवर बसली होती. बाह्या वर केलेल्या. साडू तिला चमच्याने काहीतरी गंमत करून दाखवत होता आणि ती हसत होती. बायको पाय वर घेऊन खुर्चीत बसली होती. तिला बसलेलं मी कितीतरी दिवसांनी पाहिलं.

मी समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. पोरगी एवढं हसली की तिला खोकला यायला हवा होता. आला नाही. मी वाट बघितली, तरी आला नाही. मला आनंद झाला आणि रडू आलं. कोणतं आधी, ते सांगता येणार नाही.

साडू कचरा टाकायला बाहेर आला आणि त्याने मला पाहिलं. हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाला, अहो, बाहेर काय उभे? आत चला, आत्ताच बसतोय जेवायला. तुमचं पान मांडायला कितीसा वेळ लागतो?

खिशात हात घालून बघितले, पोरीला द्यायला काहीतरी असेल म्हणून. म्हणालो, नको, इकडून चाललो होतो, मला एका ठिकाणी जायचंय.

तो बरं म्हणाला. नाताळच्या संध्याकाळी एवढं कुठे जायचंय, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं की कुठेच नाही.